रानातला हिवताप आणि उतरता आलेख

हिवताप २०३० पर्यंत देशातून हद्दपार करण्याचा केंद्राचा संकल्प आहे. गेल्या दशकात रुग्णसंख्या खूपच घटली, हे खरे. पण जे रुग्ण उरले आहेत त्यांतले बरेचसे ओडिशा, छत्तीसगड, झारखंड आणि ईशान्येच्या रानावनांत राहतात. महाराष्ट्राचा गडचिरोलीही त्यातच आला. ही शिल्लकच मला चिंताजनक वाटते.

१९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा वर्षाकाठी ७.५ कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे ८ लाख दगावत. डीडीटीच्या फवारणीने १९६५ च्या सुमारास रुग्ण लाखावर आले. काम फत्ते झाले असे मानले गेले, लक्ष ढळले, डासही डीडीटीला सरावले आणि १९७६ मध्ये हाच आकडा ६४ लाखांवर पोहोचला. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला आणखी एक गोष्ट दिसते. उत्तर प्रदेशच्या तराईतला हिवताप नेटाने हटवला गेला, कारण फाळणीनंतर तेथे निर्वासितांना जमिनी द्यायच्या होत्या. कोरापुट-बस्तरच्या डोंगरांत तशी घाई कुणालाच नव्हती.

रानातल्या हिवतापाची रीतही निराळी. तिथला डास डोंगरातल्या संथ, स्वच्छ झऱ्यांत वाढतो. गटारे उपसून तो हटत नाही. शिवाय वारंवार लागण झालेल्यांच्या अंगी थोडी प्रतिकारशक्ती येते. त्यांना ताप येत नाही, पण रक्तात परजीवी असतात आणि डास ते शेजाऱ्याकडे पोहोचवतो. केवळ तापाचे रुग्ण शोधणारी यंत्रणा अशा माणसाच्या दारावरून पुढे निघून जाते. तो निरोगी असतो असेही नाही. रक्तक्षय त्याला पोखरत असतो. गरोदर स्त्रीचे बाळ कमी वजनाचे जन्मते.

ओडिशाने २०१७ मध्ये ‘दमन’ योजनेतून ही चूक सुधारली. दुर्गम गावांत पावसाळ्यापूर्वी व नंतर शिबिरे भरवून, ताप असो वा नसो, प्रत्येकाचे रक्त तपासले, लागण आढळल्यास उपचार केले. जोडीला मच्छरदाण्या वाटल्या. २०१६ मधले ४.४ लाख रुग्ण २०१९ मध्ये ४० हजारांच्या आसपास आले. बस्तरनेही २०२० पासून हाच मार्ग धरला. मात्र २०२३ पासून ओडिशाचे आकडे पुन्हा चढू लागले आहेत.

सरकारी सेवेत आयुष्य काढल्यामुळे पुढचा प्रश्न मला पाठ आहे: एवढ्या थोड्या रुग्णांसाठी एवढा खर्च कशाला? (प्रश्न विचारणाऱ्याने सहसा नदीपलीकडचा पाडा पाहिलेला नसतो.) वस्तुतः शेवटचे रुग्णच सर्वांत महाग, कारण त्यांच्यापर्यंत पायी जावे लागते. म्हणून निधी रुग्णसंख्येवर नव्हे, तर गावांच्या संख्येवर व दुर्गमतेवर ठरवावा. औषधयुक्त मच्छरदाणीचा प्रभाव साधारण तीन वर्षांत ओसरतो. ती बदलण्याची तरतूद वाटपाच्या दिवशीच व्हावी. आणि रुग्ण शून्यावर आलेल्या गावांतही शिबिरांच्या दोन्ही फेऱ्या आणखी काही वर्षे चालू ठेवाव्यात.