तंजावरचे पाणी आणि आवाजी मतदान

मराठी वाचकाला तंजावर आठवते ते एकोजीराजांच्या गादीमुळे आणि सरस्वती महाल ग्रंथालयामुळे. परंतु ज्या कावेरीच्या पाण्यावर ते वैभव उभे राहिले, त्या पाण्याचे आणि ते शेतात वळविणाऱ्या शेतमजुराचे भवितव्य आज चेन्नईच्या विधानसभेत ठरते. म्हणूनच २१ एप्रिल २०२३ या दिवसाकडे कष्टकरी जनतेने पुन्हा एकदा पाहणे अगत्याचे आहे.

त्या दिवशी तमिळनाडू विधानसभेने दोन विधेयके आवाजी मतदानाने संमत केली. पहिले १९४८ च्या कारखाने कायद्यातील दुरुस्तीचे. त्यान्वये कामाच्या तासांविषयीच्या तरतुदींतून कारखान्यांना सूट देण्याचा, म्हणजेच कामाचा दिवस बारा तासांपर्यंत ताणू देण्याचा अधिकार शासनाकडे जाणार होता. आठवड्याचे ४८ तास कायम राहतील, असा खुलासा मंत्र्यांनी केला. पण बाराव्या तासाला यंत्रापुढे उभ्या असलेल्या कामगाराचे पाय आठवड्याची सरासरी जाणत नाहीत. सत्ताधारी द्रमुकच्या मित्रपक्षांनी, दोन्ही कम्युनिस्ट पक्षांसह, या विधेयकाच्या निषेधार्थ सभात्याग केला. कामगार संघटनांनी एकजुटीने संपाची हाक दिली. २४ एप्रिलला अंमलबजावणी स्थगित झाली आणि १ मे रोजी मुख्यमंत्री स्टालिन यांनी विधेयक मागे घेतल्याचे जाहीर केले. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १ मे १९२३ रोजी, सिंगारवेलू यांनी याच शहरात हिंदुस्थानातील पहिला मे दिन साजरा केला होता.

दुसरे विधेयक होते विशेष प्रकल्पांसाठी जमीन एकत्रीकरणाचे. १०० हेक्टरांहून कमी नसलेल्या ज्या प्रकल्पक्षेत्रात तळी, ओढे वा कालवे येतात, तेथील सरकारी जमिनीची अदलाबदल करून प्रकल्पाची वाट मोकळी करण्याची सोय त्यात आहे. जलसाठ्यांचे रक्षण हाच हेतू, असे शासन म्हणते. मग एवढ्या सद्हेतूला चर्चेचे भय का वाटावे? हे विधेयक चर्चेवाचून संमत झाले. शेतकरी संघटनांनी विरोध केला, तरी ते कायदा बनले आणि २०२४ च्या ऑक्टोबरात अंमलातही आले.

तंजावरच्या शेतकऱ्याला यातील धोका समजावून सांगावा लागत नाही. त्रिभुज प्रदेशात शेताची सीमा आणि पाण्याची वाट या दोन गोष्टी वेगळ्या नसतात. वरचा एक पाट वळला की खालच्या गावांची भातरोपे वाळतात. त्याच एप्रिलच्या प्रारंभी केंद्र सरकारच्या कोळसा लिलावाच्या यादीत तंजावर जिल्ह्यातील वडसेरीचे नाव झळकले होते. गावोगाव उठलेल्या विरोधामुळे आणि राज्यानेही ठाम नकार दिल्यामुळे ते ८ एप्रिलला वगळावे लागले. २०२० साली विधानसभेने संरक्षित कृषिक्षेत्राचा कायदा करून या भागात नव्या तेल-वायू उत्खननास बंदी केली होती खरी. परंतु आधीपासून चाललेल्या उत्खननास त्यात हात लावलेला नाही.

येथे इतिहास काय सांगतो? १९५२ साली राजगोपालाचारी मंत्रिमंडळाने तंजावरच्या कुळांना आणि पन्नैयाळांना, म्हणजे आपल्याकडील सालगड्यांसारख्या बांधील शेतमजुरांना, संरक्षण देणारा अध्यादेश काढला व पुढे त्याचा कायदा झाला. ती काही सरकारची मेहेरबानी नव्हती. बी. श्रीनिवास राव यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी दलित शेतमजुरांना चाबकाच्या माराविरुद्ध उभे केले, त्या लढ्याची ती कमाई होती. कायदा झाल्यावरही जमीनदारांची सत्ता मोडली नाही. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे मजुरीच्या वादातून ४४ दलितांना, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले, झोपडीत कोंडून जाळण्यात आले. शेतमजुरांच्या वाजवी मजुरीचा कायदा आला तो त्यानंतर, १९६९ मध्ये. प्रत्येक कलमामागे कोणाचे तरी रक्त आहे.

अशा कलमांचा निकाल ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या गलक्यात लागावा, ही लोकशाहीची विटंबना आहे. आवाजी मतदानात कोणत्या आमदाराने कोणाची बाजू घेतली याची नोंद उरत नाही. मतविभागणी मागितली तर नावे कागदावर येतात आणि मतदारसंघात जाब विचारता येतो. विरोधी आमदारांची संख्या थोडी असली, तरी ही मागणी करण्याचे त्यांचे कर्तव्य थोडे होत नाही. सभात्यागाने निषेध दिसतो; नावे नोंदवून घेतल्याने हिशेब राहतो.

महाराष्ट्राने हे दूरच्या प्रांताचे वृत्त समजू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या मंत्रिमंडळानेही कारखान्यांतील कामाचा दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. तमिळनाडूत बारा तासांचे विधेयक हरले, कारण कारखान्याच्या दारात संघटना उभी होती. जमिनीचे विधेयक तरले, कारण शेताच्या बांधावर तेवढी एकजूट वेळेवर पोहोचली नाही. जी विधेयके गाजतात त्यांच्याकडे आपले लक्ष असतेच. जी मुकाट्याने सरकतात त्यांच्यावर पहारा ठेवणे, हा या दोन मतदानांचा धडा आहे. कामगार आणि शेतमजूर हा पहारा एकत्र देतील, तरच सभागृहातील पुढचा ‘होय’ उच्चारताना सत्ताधाऱ्यांचा आवाज कापेल.