धूर कुठे गेला?

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून हार्बर मार्गाने कुर्ल्याकडे चार डब्यांची गाडी निघाली, तेव्हा तिच्यापुढे इंजिनच नव्हते. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या, देशातल्या त्या पहिल्या विजेच्या गाडीला २०२५ मध्ये शंभर वर्षे झाली.

वीज हौसेने आली नाही. मुंबईची वाढती गर्दी हे एक निमित्त; पण खरी नड घाटांची. बोर आणि थळ घाटांत ३७ फुटांना १ फूट चढ. तिथे वाफेच्या इंजिनाचा जीव मेटाकुटीला येई आणि बोगद्यातला धूर इंजिनवाल्यांच्या छातीत जाई. तारा १९२९ मध्ये पुण्याला आणि १९३० मध्ये इगतपुरीला पोहोचल्या. १ जून १९३० ला सुरू झालेली डेक्कन क्वीन ही या विजेचीच लेक. घाट उतरताना मालगाडीची इंजिने तारेत वीज परतही सोडत. (कर्जतला गाडी मागून ढकलणारे जादा इंजिन, म्हणजे बँकर, जोडण्याची रीत मात्र विजेलाही मोडता आली नाही. त्या थांब्यात वडा खाणाऱ्यांची त्याबद्दल तक्रार नसावी.)

मग धूर गेला कुठे? हे मार्ग चालवणाऱ्या जीआयपी रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळे येथे स्वतःचे वीजघर उभारले, ते कोळशावर चालणारे. इंजिनातला कोळसा उतरून खाडीकाठच्या धुराड्याखाली गेला, एवढेच. पाण्यापासून वीज करावी, तर त्यासाठी खोरी बुडतात, हे मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ च्या धरणविरोधी सत्याग्रहात आधीच सांगून ठेवले होते.

पुढे देशाने २५ हजार व्होल्टची पद्धत घेतली. गंमत अशी, की जिथे सुरुवात झाली ती हार्बर लाइन जुन्या १५०० व्होल्टवरून तिकडे वळली थेट २०१६ मध्ये. कोकण रेल्वेवर २०२२ मध्ये तारा पूर्ण झाल्या आणि आता देशातला ब्रॉडगेज मार्ग जवळजवळ सगळा तारेखाली आला आहे. डिझेलचा खर्च वाचला, गाड्यांचा वेग वाढला; कौतुक करावे असेच हे काम आहे.

पण देशातली बहुतांश वीज आजही कोळशाचीच. चंद्रपूरच्या वीज केंद्राकडे निघालेली मालगाडी पाहावी: पुढे विजेचे इंजिन, मागे काळ्याकुट्ट वाघिणींची लांबलचक रांग. इंजिनाने पोटातून टाकलेला कोळसा तेच पाठीमागे ओढत नेते आहे, आपल्याच विजेसाठी.