दिवस कितवा, हे आधी विचारा

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रात औषधांच्या याद्या एका मोबाइलवरून दुसऱ्यावर फिरत होत्या. पॅरासिटामॉल, डॉक्सीसायक्लिन, आयव्हरमेक्टिन, झिंक, व्हिटॅमिन सी आणि तळाशी बहुतेक वेळा एखादे स्टेरॉइड. एकाला गुण आला की तीच यादी शेजारी, मेहुण्याला, गावाकडच्या काकांना जायची. त्या यादीत रुग्णाचे वय नसे, साखर नसे आणि ताप येऊन किती दिवस झाले, हे तर कधीच नसे. करोनाच्या उपचारातली सर्वात मोलाची माहिती मात्र तीच होती.

असे का, हे समजायला आपल्या उपजत प्रतिकारशक्तीच्या पेशींकडे पाहावे लागते. लस आणि अँटिबॉडी यांची चर्चा आपण भरपूर केली. पण नवा विषाणू शरीरात शिरतो तेव्हा त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर खिंड लढवतात त्या जन्मापासून सोबत असलेल्या पेशी: जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज, रक्तातून सर्वात आधी धावून येणाऱ्या न्यूट्रोफिल, बाधित पेशींना मारणाऱ्या नॅचरल किलर पेशी आणि धोक्याची वर्दी देणाऱ्या डेन्ड्रिटिक पेशी.

या पेशींचे काम पहिल्यांदा नीट ओळखले ते इल्या मेच्निकोव्ह या शास्त्रज्ञाने. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना इथे त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली त्याला काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला दिसला. या कामासाठी त्याला १९०८ साली पॉल एर्लिक यांच्यासोबत नोबेल मिळाले. ओडेसात त्याच्या हाताखाली शिकलेला वाल्डेमार हाफकिन पुढे प्लेगच्या साथीत मुंबईत आला आणि जानेवारी १८९७मध्ये त्याने आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची.

आता करोनाकडे येऊ. विषाणू पेशीत शिरला की ती पेशी आणि आसपासच्या डेन्ड्रिटिक पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने सोडतात. त्यांचा निरोप मिळालेल्या शेजारच्या पेशी विषाणूची नक्कल रोखण्याची तयारी करतात. करोनाचे विषाणू नेमका हाच निरोप दाबून टाकण्यात पटाईत आहेत. पहिल्या दिवसांत इंटरफेरॉन कमी पडले की विषाणू बिनबोभाट वाढतो. मग उशिरा जाग आल्यावर फुप्फुसाच्या वायुकोशांत रक्तातल्या मोनोसाइट पेशी लोटतात, तिथे त्या आक्रमक मॅक्रोफेज बनतात आणि दाह पेटवणारी रसायने ओततात. न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात. हे जाळे जंतू पकडण्यासाठी असते, पण बारीक रक्तवाहिन्यांत त्याने गुठळ्या होतात. वायुकोशाची भिंत जेमतेम एका पेशीच्या जाडीची. ती सुजली, पाझरली की ऑक्सिजन रक्तात उतरत नाही. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा घसरतो तो या घडामोडींमुळे, आणि तेव्हा विषाणूचा जोर बहुधा ओसरू लागलेला असतो.

ही गोष्ट कोविडच्याही आधी दिसली होती. २०१६ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात रुद्रगौडा चन्नप्पनवर आणि स्टॅन्ले पर्लमन यांच्या गटाने जुन्या सार्स विषाणूची बाधा उंदरांना करून पाहिली. इंटरफेरॉन उशिरा आले, त्यामागून मोनोसाइट-मॅक्रोफेजचा लोंढा आला आणि उंदीर दगावले. इंटरफेरॉन लवकर दिले तेव्हा ते वाचले. दाहक मोनोसाइट काढून टाकल्या तेव्हाही वाचले. मृगाचा पाऊस पेरणीला वरदान आणि तसाच पाऊस काढणीला आला तर उभे पीक आडवे. या पेशींचेही तसेच आहे.

माणसांतले पुरावेही हेच सांगतात. २०२० साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात अत्यवस्थ झालेल्या ९८७ कोविड रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या. त्यांतले ९५ पुरुष होते. सौम्य किंवा लक्षणविरहित बाधा झालेल्या ६६३ जणांत अशी एकही व्यक्ती नव्हती. धट्टीकट्टी दिसणारी माणसे हां हां म्हणता का गेली, याचे एक उत्तर इथे मिळते. उणीव एका निरोपाची होती आणि ती कोणत्याही काढ्याने भरून निघणारी नव्हती.

उपचारांच्या चाचण्या याच नजरेने वाचायला हव्यात. रुग्णालयात दाखल झालेल्यांना इंटरफेरॉन बीटा देऊन जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीत मृत्यू कमी झाले नाहीत. वेळ टळून गेली होती. उलट ब्राझील आणि कॅनडात झालेल्या टुगेदर चाचणीत लक्षणे दिसल्यापासून सात दिवसांच्या आत इंटरफेरॉन लॅम्डाचे एकच इंजेक्शन दिले गेले. रुग्णालयात दाखल होण्याची किंवा तातडीच्या विभागात बराच वेळ थांबण्याची पाळी ५.६ टक्क्यांऐवजी २.७ टक्के लोकांवर आली. हा निकाल २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. लॅम्डाची खुबी अशी, की त्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी मुख्यतः श्वसनमार्गाच्या अस्तरासारख्या ठिकाणी असतात, त्यामुळे दाह फार भडकत नाही.

स्टेरॉइडची गोष्ट याच्या नेमकी उलट. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन रोज फक्त ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ४१.४वरून २९.३ टक्क्यांवर आले. ऑक्सिजनवर असलेल्यांत ते २६.२वरून २३.३ झाले. पण ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना काहीच लाभ झाला नाही. त्यांच्यात मृत्यू १७.८ टक्के, तर स्टेरॉइड न घेतलेल्यांत १४ टक्के होते. याच चाचणीने २०२३ साली आणखी एक गोष्ट दाखवली: साधा ऑक्सिजन लागणाऱ्या किंवा तोही न लागणाऱ्या रुग्णांना जास्त मात्रेत स्टेरॉइड दिल्यास मृत्यू १२ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर जातात. अनावर मॅक्रोफेजना आवरणारे औषध, त्या विषाणूशी झुंजत असताना दिले तर ते रुग्णाच्याच विरोधात जाते.

याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस झालेल्या राज्यांत आपण आघाडीवर होतो. म्युकरची बुरशी आपल्या आसपास नेहमीच असते. निरोगी माणसाच्या न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज तिला नाकातच संपवतात. अनियंत्रित मधुमेहाने या पेशी दुबळ्या होतात. स्टेरॉइडने त्या आणखी दुबळ्या होतात, शिवाय साखरही वाढते. करोनातून उठलेल्या माणसांचे डोळे आणि जबडे शस्त्रक्रियेत गेले. मधुमेहींच्या या राज्यात स्टेरॉइड हातोहात वाटले गेले, याला मी निव्वळ दुर्दैव म्हणणार नाही. तो टाळता येण्यासारखा अनर्थ होता.

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ ही जाहिरात म्हणूनच मला धोकादायक वाटते. बीसीजी लशीने उपजत पेशी तयारीत राहतात आणि करोनापासून वाचवतील, ही आशा शास्त्रीय पायावर उभी होती. आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या मोठ्या ब्रेस चाचणीत तीही फळाला आली नाही. प्रयोगशाळांतून तावून-सुलाखून आलेल्या कल्पनेची ही गत, तर बाटलीबंद रसाचा भरवसा कोणी द्यावा? पुरेशी झोप, आटोक्यात ठेवलेली साखर, तंबाखूला रामराम आणि वेळेवर घेतलेली लस यांना पर्याय नाही.

माझी मागणी दोन ठिकाणी आहे. अन्न व औषध प्रशासनाने स्टेरॉइडच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकणाऱ्या दुकानांवर साथ नसतानाच कारवाई करावी. साथ आली की तपासायला कोणाला उसंत नसते. आणि वाचकांनी घरात ताप आला की पहिल्या दिवसाची तारीख लिहून ठेवावी, साठी ओलांडलेल्यांना आणि मधुमेहींना पहिल्या दोन-तीन दिवसांतच डॉक्टरांकडे न्यावे, आणि ऑक्सिजन ९४च्या वर असताना करोनासाठी कोणी स्टेरॉइड लिहून दिले तर ‘डॉक्टर, आज हे का?’ असे न संकोचता विचारावे. तो तुमचा हक्क आहे.