‘चेकिंग फुकट’ची पाटी उतरवा

जून उजाडला की नायगाव, नरसी, देगलूर, मुखेड, बिलोली या पट्ट्यातल्या दुरुस्तीच्या काउंटरवर लॅपटॉपची रांग लागते. बारावीनंतरच्या प्रवेशाचे अर्ज, उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले, नॉन-क्रिमीलेअर, पुढे जुलैत पीकविमा. सेवा केंद्रचालकाच्या कमाईचा मोठा वाटा या दोन महिन्यांत असतो आणि वर्षभर कुरकुरत चाललेले यंत्र नेमके याच वेळी मान टाकते. काउंटरवर प्रश्न एकच येतो, ‘‘भाऊ, करून घेऊ का नवाच घेऊ?’’ या प्रश्नाचे उत्तर आपल्या व्यवसायात ज्या रीतीने दिले जाते ती बदलली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. सुरुवात दुकानावरच्या ‘चेकिंग फुकट’ या पाटीपासून करावी.

स्क्रू काढायचे, हिंज सांभाळत बॉडी उघडायची, मीटर लावून बोर्डवरचे व्होल्टेज बघायचे, दुसरी रॅम लावून पाहायची, डिस्कची तब्येत वाचायची. नीट केले तर यात पाऊण तास सहज जातो. त्या पाऊण तासाचे मोल शून्य ठरवले की तो भरून काढायच्या दोनच वाटा उरतात. जी दुरुस्ती करू नये ती करायची, किंवा शोकेसमधला लॅपटॉप गळ्यात घालायचा. कारागीर प्रामाणिक असला तरी दुकानाचे भाडे, वीजबिल आणि हाताखालच्या पोराचा पगार त्याला यांपैकी एका बाजूला ढकलत राहतात. ‘‘बोर्ड गेलाय’’ हे वाक्य आपल्याकडे इतके स्वस्त झाले आहे, त्याचे कारण इथे आहे.

म्हणून तपासणीची फी घ्या, आणि ती नंतरच्या बिलातून वजा करू नका. वजा करण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे, गिऱ्हाइकाला ती गोडही वाटते. पण ‘इथेच करून घेतले तर फी माफ’ म्हटले की सल्ला पुन्हा दुरुस्तीकडे झुकला. फीच्या बदल्यात लेखी चिठ्ठी द्या. काय बिघडले, काय धड आहे, खर्च किती, दिवस किती लागतील आणि तुमचे मत काय, एवढे तिच्यात असावे. ती चिठ्ठी घेऊन गिऱ्हाईक नांदेडला गेले तरी वाईट वाटून घेऊ नये. तुमचे काम झाले आहे आणि त्याचे पैसे मिळाले आहेत.

शेजारचा फुकट बघतो, मग आपल्याकडे कोण येईल, अशी शंका येणारच. काहीजण जातीलही. पण आपले नियमित गिऱ्हाईक कोण आहे ते आठवा. शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायत, डॉक्टर, सेवा केंद्र. शाळेच्या लिपिकाला यंत्र जडसंग्रह नोंदवहीतून कमी करायचे असेल, निर्लेखनाचा ठराव घ्यायचा असेल, तर तोंडी सल्ला त्याच्या कामाचा नाही. त्याला कागद लागतो. पतसंस्थेच्या व्यवस्थापकालाही संचालकांपुढे काहीतरी ठेवावे लागते. या मंडळींना चिठ्ठी हवीच आहे, आपण ती कधी दिली नाही.

चिठ्ठीत मत लिहायचे तर मत पक्के असावे लागते, आणि इथे विंडोज 10 वरून बराच गोंधळ चालला आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा आधार थांबवला. त्या दिवशी त्यामुळे एकही लॅपटॉप बंद पडला नाही, सुरक्षेचे मोफत अपडेट येणे थांबले. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. म्हणजे 2017 पूर्वीची बहुतेक यंत्रे त्यातून बाहेर पडली. एवढ्यावरून ‘‘हा आता बाद झाला’’ असे सांगून नवा विकणे ही अर्धवट माहिती झाली. घरगुती यंत्रांसाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर त्याला पैसेही पडत नाहीत. ही गोष्ट किती काउंटरवर सांगितली गेली?

दुसऱ्या टोकाला पेनड्राइव्हवरून तपासण्या चुकवून विंडोज 11 टाकून देण्याचा धंदा आहे, आणि सोबत क्रॅक. अशा यंत्राला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि क्रॅकमधून काय आत आले ते टाकणाऱ्यालाही माहीत नसते. सेवा केंद्राच्या यंत्रात शेकडो लोकांचे आधार, पासबुक, सातबारा पडलेले असतात. ज्या शेतकऱ्याने अंगठा देऊन कागद हवाली केले, त्याच्याशी हा दगाफटका आहे. ही भाषा कडक वाटेल, पण आम्हाला दुसरी सुचत नाही.

तिसरा मार्ग लिनक्सचा. केरळच्या सरकारी शाळांमधले संगणक कित्येक वर्षे त्यावर चालत आहेत, आणि आपल्या सी-डॅकनेही बॉस नावाची प्रणाली तयार केली आहे. टायपिंग, ब्राउझर, मुलांचा अभ्यास एवढेच काम असेल तर जुन्या यंत्राला तो चांगला आसरा आहे. बोटाचे ठसे घेणारे यंत्र किंवा डिजिटल सहीचा टोकन वापरणाऱ्याला मात्र आधी ड्रायव्हर तपासल्याशिवाय हा सल्ला देऊ नये.

आता प्रत्यक्ष बिघाडांकडे. ‘हळू चालतो’ ही तक्रार घेऊन आलेल्या जुन्या यंत्रांत बहुतेक वेळा दोष फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. 5400 फेऱ्यांची डिस्क सेकंदाला साधारण शंभर एमबी वाचते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या आसपास. बारीक बारीक फायली शोधताना तर फरक याहून कितीतरी मोठा पडतो, आणि विंडोज दिवसभर तेच करत असते. पाचव्या-सहाव्या पिढीच्या आय-थ्रीला एसएसडी लावली की दाखल्यांचे अर्ज भरायला तो आणखी काही वर्षे पुरतो. रॅमच्या बाबतीत थोडे सावध राहा. स्मृती-चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी एआयच्या डेटा सेंटरकडे मोर्चा वळवला आणि 2025 च्या अखेरीस भाव चढले. मेलेल्या यंत्रांतून निघालेल्या डीडीआर-3, डीडीआर-4 च्या चांगल्या काड्या भंगारात जाऊ देऊ नका. आणि नवा लॅपटॉप सुचवताना त्याची रॅम बोर्डवरच डाग दिलेली आहे का, हे गिऱ्हाइकाला आधी सांगा. तशी असेल तर ती पुढे वाढत नाही, बिघडली तर बदलतही नाही.

उष्णतेचे प्रकरण आपल्या भागाचे खास. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, दुकानावर पत्रा, आणि सुगीत सोयाबीन-हरभऱ्याच्या मळणीची धूळ. वीस मिनिटांत आपोआप बंद पडणारा लॅपटॉप ‘बोर्ड खराब’ म्हणून येतो. उघडले की पंख्याच्या तोंडाशी धुळीची गादी सापडते आणि प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खपली झालेली असते. साफसफाई आणि नवी पेस्ट ही पहिली पायरी मानली, तर अर्धे ‘मेलेले’ लॅपटॉप त्याच दिवशी घरी जातील. बॅटरीबाबतही अंदाजाने बोलण्याची गरज नाही. मूळ क्षमता किती होती आणि आज किती उरली, याचा अहवाल विंडोजमधूनच निघतो. तो छापून चिठ्ठीला जोडा. फुगलेली बॅटरी मात्र त्याच क्षणी काढून ठेवायची, तिथे गिऱ्हाइकाशी घासाघीस नको.

बोर्ड खरोखर गेला असेल तेव्हा प्रश्न अवघड होतो. आपल्याला पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ. चिप लेव्हलचे काम आपल्याकडून नांदेडला किंवा थेट सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरकडे जाते, आणि जाऊन-येऊन लागणारे दिवस बिलात कुठेच दिसत नाहीत. चार्जिंगचा आयसी, डीसी जॅक, बायोसची चिप अशी नेमकी जागा सापडली असेल तर दुरुस्ती जरूर करावी. पण ग्राफिक्स चिपला हीट गन मारून चालू केलेला बोर्ड म्हणजे दुरुस्ती नव्हे. तो काही आठवड्यांत परत येतो हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरी त्याचे पूर्ण पैसे घेतले जातात. पाणी गेलेल्या यंत्राचेही तसेच. ऑगस्ट 2025 च्या पुरात मुखेड तालुक्यातल्या गावांत घरेच्या घरे पाण्यात होती. गाळाचे पाणी शिरलेला बोर्ड अल्कोहोलने धुऊन चालू होतो, पण गंज आतून खात राहतो. अशा वेळी आतला डेटा काढून देणे हेच मुख्य काम समजावे, आणि चिठ्ठीवर ‘हमी नाही’ असे ठळक लिहावे.

दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त गेला तर नवा घ्यावा, असा एक सर्रास नियम आहे. आम्हाला तो आपल्याकडे अपुरा वाटतो. निम्मी किंमत कशाची? तुलना कोऱ्या लॅपटॉपशी करायची की कंपन्यांच्या लॉटमधून आलेल्या वापरलेल्या लॅटिट्यूड 7490 किंवा थिंकपॅड टी480 शी? ही यंत्रे आठव्या पिढीच्या प्रोसेसरची मिळतात, त्यांवर विंडोज 11 रीतसर चालते, पार्ट मिळतात, आणि पाठचे झाकण काढले की रॅम आणि डिस्क दोन्ही हाताला लागतात. पुष्कळदा दुरुस्ती आणि कोरा यांच्यामध्ये खरे उत्तर हेच असते. याउलट लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके छापणाऱ्या डीटीपीवाल्याचे पाहा. त्याचे पेजमेकर 7 हे 2001 सालचे, त्याचे जुने श्रीलिपी फॉन्ट डोंगलवर चालणारे, आणि वीस वर्षांचे मजकूर त्याच साच्यात. नव्या यंत्रावर हे सगळे बसेल याची खात्री नाही. त्याच्यासाठी जुने यंत्र निम्म्याहून जास्त खर्च करूनही जगवणे योग्य ठरू शकते, फक्त ते इंटरनेटपासून तोडून ठेवायला सांगावे. आणि अभियांत्रिकीच्या मुलाला थ्रीडी आरेखनाचे सॉफ्टवेअर चालवायचे असेल, तर त्याच्या वडिलांचा चौथ्या पिढीचा लॅपटॉप दुरुस्त करण्यात त्याचे पैसे घालवू नका.

दिवसांचाही हिशेब लागतोच. खरीप 2023 पासून दोन वर्षे एक रुपयात पीकविमा होता, तेव्हा केंद्रचालकाला अर्जामागे कंपनीकडून 40 रुपये मिळत. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस यंत्र बंद राहिले तर बुडालेली रक्कम दुरुस्तीच्या बिलाला मागे टाकायची. म्हणून प्रत्येक दुकानात दोन-तीन बदली लॅपटॉप तयार असावेत आणि ते दिवसाच्या भाड्याने द्यावेत. गिऱ्हाईक घाईपोटी चुकीचा नवा उचलत नाही, आणि तुम्हालाही बोर्ड नीट बघायला वेळ मिळतो.

दुरुस्तीच्या हक्काबद्दल केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी 24 डिसेंबरला पोर्टल सुरू केले. फ्रान्समध्ये जानेवारी 2021 पासून लॅपटॉपवर दुरुस्ती-सुलभतेचे गुण छापावे लागू लागले. आपल्याला स्किमॅटिक आणि अस्सल पार्ट सुटे मिळाले पाहिजेत, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरावी. चिठ्ठ्यांची कार्बन प्रत जपून ठेवली तर कोणत्या मॉडेलचा कोणता पार्ट मिळत नाही याचा पुरावा आपोआप गोळा होईल, आणि निवेदनात तोच सर्वांत उपयोगी पडेल.

आणि चिठ्ठीवर ‘बदला’ असे लिहिले तर काम तिथे संपत नाही. एक्स्चेंजमध्ये घेतलेल्या लॅपटॉपची नुसती फॉरमॅट मारलेली डिस्क पुढच्या गिऱ्हाइकाला विकली जाते, आणि साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने तिच्यातून गावच्या गाव बाहेर निघते. जुनी बॅटरी आणि बोर्ड नोंदणीकृत ई-कचरा प्रक्रियादाराकडे द्यायचे आहेत. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. डिस्क मात्र आपल्याकडे ठेवू नये. काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्यावी, आणि मिळाल्याची सही त्याच चिठ्ठीवर घ्यावी.