साधं जेवण – कुणासाठी साधं?

(तृतीय वर्ष, कला)

“आज काही विशेष नको, साधंच कर काहीतरी.”

संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास आपल्याकडील किती घरांतून हे वाक्य उच्चारले जात असेल, याची गणती नाही. म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. उलट, आपण मोठी सवलतच देत आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. पुरणपोळी मागितली नाही, मसालेभात मागितला नाही. नुसते पिठले-भाकरी, नाहीतर खिचडी आणि भाजलेला पापड. त्यात करायचे असे काय असते? पण या वाक्याकडे जरा निरखून पाहिले, तर एक गंमत ध्यानात येते. हे वाक्य म्हणणारा आणि ते अमलात आणणारी व्यक्ती बहुधा एक नसते. आणि जो ‘साधंच कर’ म्हणतो, त्याला ते साधे स्वतःला करता येत असतेच असे नाही. या गमतीविषयीच चार शब्द लिहायचे आहेत.

साध्या जेवणाविरुद्ध माझी काही तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी त्याचा पक्षपातीच आहे. दिवसभर कॉलेज, एस. टी.चा प्रवास, किंवा कचेरीतले आठ तास संपवून माणूस घरी आला की त्याला पक्वान्न नको असते. पोटाला आणि मनाला स्वस्थ करील असे काहीतरी ऊन ऊन हवे असते. महाराष्ट्राच्या प्रत्येक भागाने आपापल्या परीने या गरजेचे उत्तर शोधून ठेवले आहे. कोकणात कुळथाची पिठी आणि भात, वर आमसुलाचा आंबटपणा. खानदेशात तुरीच्या डाळीची खिचडी आणि तिच्यावर लसणीची तेलातली फोडणी. विदर्भात वरणफळे, तोच पदार्थ इकडे घाटावर आला की चकोल्या. सोलापूरकडे ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. आणि ताप येऊन गेलेल्या माणसासाठी सगळीकडेच मऊ भात, मेतकूट, तूप. यांतल्या एकाही पदार्थाला लग्नाच्या पंगतीत मानाचे पान मिळत नाही. पण घरापासून दूर राहणाऱ्या कोणाही मुलाला विचारा, त्याला आठवण येते ती श्रीखंडाची नव्हे, यांचीच.

हे जेवण ‘भागवून नेलेले’ असते, असा एक गैरसमज आहे. तोही खरा नाही. तांदूळ, ज्वारी, गहू या धान्यांतील प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो. डाळींत तो भरपूर असतो. डाळींत जे थोडे कमी असते, ते धान्यांत असते. म्हणजे वरण-भात, खिचडी, पिठले-भाकरी या जोड्या आजीबाईंनी केवळ चवीसाठी जुळवल्या असतील, तरी पुढे आहारशास्त्रानेही त्यांना मान्यता दिली. खिचडीचा दाखला तर बराच जुना आहे. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर खाण्याच्या इथल्या रीतीची नोंद ‘किश्री’ या नावाने करून ठेवली आहे. हे लोक रोज सकाळी हेच खातात, असे तो म्हणतो. सहा-सातशे वर्षे जे टिकले, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

तेव्हा प्रश्न जेवणाचा नाही, ‘साधं’ या शब्दाचा आहे.

पिठले-भाकरीचेच उदाहरण घेऊ. पिठले दहा-पंधरा मिनिटांत होते हे खरे. पण भाकरी? घरात पाच माणसे असतील तर आठ-दहा भाकऱ्या. प्रत्येक भाकरीचे पीठ वेगळे मळायचे, परातीत थापायची, न मोडता तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, मग विस्तवावर फुगवायची. पीठ जरा जुने झालेले असेल तर थापतानाच तिला चिरा पडतात. ही कला चार दिवसांत हस्तगत होत नाही. त्यात भाकरी गरमच हवी, हा आपला सर्वांचा आग्रह. परिणाम असा, की जी थापते ती सगळ्यांत शेवटी जेवते. तोपर्यंत गरमपणी पातळ असलेले पिठले निवून घट्ट गोळा झालेले असते. ज्याला आपण साधे जेवण म्हणतो, ते ते करणारीच्या वाट्याला पुष्कळदा असे येते.

कुळथाची पिठी तर याहून झटपट. पाण्याला उकळी आली, पीठ कालवून सोडले, की झाले. पण ते पीठ आकाशातून पडत नाही. कुळीथ निवडायचे, भाजायचे, भरडून त्यांची साले पाखडायची, मग दळून आणायचे. पापड, कुरडया, सांडगे, मेतकूट, लोणचे या साऱ्यांची कथा हीच. चैत्र-वैशाखाच्या उन्हात गच्चीवर आणि अंगणात जे वाळत घातलेले असते, त्याच्या जोरावर आषाढातले जेवण ‘दहा मिनिटांत’ होते. दहा मिनिटे आपल्याला दिसतात. उन्हातले ते दिवस हिशेबात धरले जात नाहीत.

हिशेब म्हटला म्हणून एक आकडा देतो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर लोकांच्या चोवीस तासांची पाहणी केली. घरच्या माणसांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत ८१.२ टक्के आणि पुरुषांत २६.१ टक्के आढळले. जे हे काम करतात त्यांचा रोजचा सरासरी वेळ पाहिला, तर स्त्रियांचा २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे. म्हणजे बाईची रोजची जवळजवळ पाच तासांची पाळी झाली. यात नोकरी करणाऱ्या बायकाही आल्या. त्यांच्या कचेरीच्या किंवा शेतातल्या पाळीनंतरची ही दुसरी पाळी. या पाळीला रविवार नाही, किरकोळ रजा नाही आणि निवृत्तीही नाही.

याच कामाचे मोल मुंबईच्या गिरणगावात मात्र लोकांना पूर्वीच कळले होते. कोकणातून आणि घाटावरून एकट्याने आलेल्या गिरणी कामगारांना तिथल्या खाणावळवाल्या बाया जेवू घालीत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा बायांना एकत्र आणून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले आणि सावकाराच्या दारी जाणाऱ्या या बायांना बँकेच्या कर्जाची वाट दाखविली. त्या बाया रांधत होत्या ते काय होते? आमटी, भात, भाजी, पोळी. घरोघरी रांधले जाते तेच. तेच ताट दारात मांडले की त्याला दर लागतो, वही लागते, बँक कर्ज देते. आत मांडले की ते ‘साधं काहीतरी’ ठरते! अर्थशास्त्राच्या तासाला हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

यावर आपण मराठी माणसांनी एक सोयीस्कर तोड काढली आहे; ती म्हणजे गौरवाची. आईच्या हातची भाकरी, आईच्या हातची चव, यांवर कविता वा ललित लेख नाही असा कोणत्याही महाविद्यालयाचा वार्षिकांक दाखवावा. भावना खोटी नाही. पण आईच्या हातांची एवढी थोरवी गाणाऱ्या आपल्या हातांना परातीची ओळख नसावी, ही गोष्ट खटकण्यासारखी आहे. ज्या कामाचा गौरव करायचा आणि जे स्वतः मात्र करायचे नाही, त्या कामाबद्दलचा आपला आदर कितपत खरा मानावा?

आता आम्हा खोली घेऊन राहणाऱ्या मुलांविषयी. आम्ही चौघे एका खोलीत राहतो आणि रात्रीचे जेवण पाळीपाळीने करतो. प्रथम हे खर्चाच्या विचाराने सुरू झाले, कारण महिनाअखेरीस खानावळीचे पैसे देताना जीव मेटाकुटीला येई. आज सांगावेसे वाटते ते एवढेच, की ही विद्या कठीण नाही. चौघांच्या खिचडीला दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ, सहा-सात वाट्या पाणी. कुकरमध्येच तेलात मोहरी, जिरे, हिंग, हळद, चिरलेला कांदा. मग धुतलेले डाळ-तांदूळ परतून पाणी आणि मीठ घालायचे. चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करून वाफ जिरेपर्यंत थांबायचे. पिठल्याला एक वाटी बेसन आणि तीन वाट्या पाणी. पीठ आधी गार पाण्यात सारखे कालवून घेतले आणि मग उकळीत सोडून हलवत राहिले, तर गुठळी होत नाही. चकोल्यांत तर आमटी उकळत असताना कणकेची पोळी लाटून तिच्या वड्या कापून तीत सोडायच्या. पोळ्या वेगळ्या भाजायला नकोत, आणि भांडे एकच घासायचे. वर कच्चा कांदा, लिंबू, तूप. अर्ध्या-पाऊण तासात चार माणसे तृप्त होतात.

आणि हे शिकायला परंपराच हवी असेही नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० साली निघाले, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली. ‘अंदाजाने’ या शब्दापाशी अडणाऱ्यांसाठी कमलाबाईंनी वाटी-चमच्याचे माप दिले. वाटी आणि चमचा मोजायला पुरुषाचा हात चालत नाही, असे त्यांत कोठेही म्हटलेले नाही. कुकरचेच म्हणाल तर कोंडलेल्या वाफेत अन्न लवकर शिजते हे १६७९ साली दाखवणारा डेनिस पापिन हा पुरुषच होता!

असे असूनही एक विचित्र दृश्य पाहायला मिळते. खोलीवर झकास खिचडी करणारे कितीतरी वीर दिवाळीच्या सुट्टीत आपल्या गावी गेले की ताटावर बसून पाण्याच्या तांब्यासाठी हाक मारतात. जी विद्या खोलीवर येते ती उंबरठ्यावर कशी विसरली जाते? उत्तर उघड आहे. खोलीवर तो स्वयंपाक ‘अडचण’ असतो, घरी तो ‘बायकांचे काम’ असतो. काम तेच, बदलते ती दृष्टी. उलट आपल्याच वर्गातील कितीतरी मैत्रिणी शेवटचा तास संपण्याआधी घड्याळाकडे पाहू लागतात, त्या घरी जाऊन भात टाकायचा असतो म्हणून. ग्रंथालयातील संध्याकाळची ती दोन तासांची अभ्यासाची वेळ मुलांना सहज मिळते, त्यांना मिळत नाही. परीक्षेच्या निकालाच्या यादीत हा फरक कोठेही छापलेला नसतो.

कोणी म्हणेल, आता हे रडगाणे कशाला? मोबाईलवर बोट टेकवले की अर्ध्या तासात जेवण दारात हजर होते. शहरात होत असेलही. पण ते आठवड्यातून सहा दिवस परवडणारी घरे किती? आणि तेही कोणीतरी रांधलेले आणि कोणीतरी पावसात भिजत आणलेलेच असते. काम नाहीसे होत नाही, नजरेआड होते इतकेच. दुसरा आक्षेप असा, की आयांना दुसऱ्याची लुडबुड आवडत नाही. असेल. पण गुरुवारी संध्याकाळी थकून आलेल्या आईला “आज तू बस, खिचडी मी टाकतो” असे एकदा म्हणून पाहावे, आणि मग आवडते की नाही ते ठरवावे. पुढे भांडीही घासावीत. अर्ध्यावर सोडलेली मदत ही मदत नव्हे, तो समारंभ होय.

शेवटी एक सूचना करतो आणि लेख आवरता घेतो. आपल्या स्नेहसंमेलनात दरवर्षी पाककला स्पर्धा होते. टेबलावर गाजराचे गुलाब, काकडीची बदके आणि सजविलेली ताटे मांडलेली असतात. भाग घेतात त्या मुली. चव घ्यायला गर्दी करतात ती मुले. पुढच्या वर्षी या स्पर्धेबरोबर आणखी एक स्पर्धा ठेवावी. एक शेगडी, एक कुकर किंवा एक पातेले, पाऊण तास वेळ आणि चार माणसांचे साधे रात्रीचे जेवण. सजावटीला गुण नाहीत. चवीला गुण, वेळेला गुण, आणि शेवटी भांडी घासून ओटा पुसून ठेवण्यालाही गुण. स्पर्धकांत निम्मी मुले असलीच पाहिजेत, असा नियम करावा. प्राध्यापकवर्गालाही भाग घेण्यास हरकत नसावी. एखाद्या सरांच्या हातचे पिठले खाण्याचा योग आला तर विद्यार्थ्यांना तो आनंदाचाच वाटेल.

ज्याने एकदा पाच माणसांच्या भाकऱ्या थापल्या, तो ‘साधंच कर काहीतरी’ असे पुन्हा सहजी म्हणणार नाही. तो म्हणेल, “साधंच करू काहीतरी.” ‘कर’ आणि ‘करू’ यांत फरक एका उकाराचा, पण घरातील एका माणसाची संध्याकाळ त्यावर अवलंबून आहे.