खाँसाहेब तीन पट्ट्या खाली

मंडळी, मागच्या वेळी आजोबांच्या रेकॉर्डच्या पेटीबद्दल लिहिलं, तेव्हापासून दोघा-तिघांनी विचारलं की जुना टर्नटेबल घ्यायचा तर कोणता घ्यावा. सांगतो. पण आधी माझी फजिती ऐका, कारण जे काही शिकलो ते त्यातूनच.

दोन वर्षांपूर्वी मावसभाऊ अमेरिकेहून येताना माझ्यासाठी एक टर्नटेबल घेऊन आला. सत्तरच्या दशकातला, पट्ट्यावर फिरणारा, अक्रोडाच्या रंगाची लाकडी चौकट. तिथल्या कुणाच्या तरी गॅरेजमधून स्वस्तात मिळालेला. ११० व्होल्टचा आहे हे मला माहीत होतं, म्हणून सियागंजातून ट्रान्सफॉर्मर आणून ठेवला होता. जोडला, थाळी फिरली आणि पहिली रेकॉर्ड लावली ती आपल्या इंदूरच्या अमीर खाँसाहेबांची. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. १९६० च्या सुमारास निघालेली ही एलपी आमच्या घरी आजोबांनी घेतलेली आहे.

आठवडाभर मी रोज रात्री ती ऐकली. काय तो खर्ज, काय ती संथ बढत! ऑफिसात मित्रांना सांगत सुटलो की रेकॉर्डवरचा आवाज मोबाइलवर येणं शक्यच नाही. मोबाइलवर हेच गाणं किती उथळ वाटतं, वगैरे वगैरे.

मग एका रविवारी आजी येऊन बसली. आजी ८६ वर्षांची आहे. एका कानाला कमी ऐकू येतं. पाच मिनिटं ऐकून म्हणाली, "अरे, खाँसाहेबांना बरं नव्हतं का रे?"

मी म्हटलं, "आजी, तुझीच रेकॉर्ड आहे ही."

ती काही बोलली नाही. उठली, कोपऱ्यातली पेटी ओढली आणि एक पट्टी दाबली. "यांचा सा हा. तुझ्या आजोबांनी कव्हरवर पेन्सिलीने लिहून ठेवलाय, बघ. तुझं यंत्र तीन पट्ट्या खाली गातंय."

कव्हरवर खरंच लिहिलेलं होतं.

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. हे वाक्य मी दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत लिहिलं असणार. त्या काळातल्या बऱ्याच टर्नटेबलांची मोटर विजेच्या लाटेच्या तालावर चालते. अमेरिकेत तो ताल सेकंदाला ६०, आपल्याकडे ५०. म्हणजे मिनिटाला ३३ १/३ फेऱ्यांऐवजी माझी थाळी जेमतेम २८ फेरे घेत होती. २० मिनिटांची बाजू २४ मिनिटं चालत होती, आणि सूर तीन पट्ट्यांहून थोडा जास्तच उतरला होता. मुकेशची रेकॉर्ड लावली असती तर पहिल्या ओळीलाच कळलं असतं. पण खाँसाहेब मुळातच इतके सावकाश गायचे, की माझ्यासारख्याला त्यात सौंदर्य दिसलं.

उपाय होता: मोटरवरची पितळेची पुली सहाला पाच या हिशेबाने मोठी करायची. व्हर्नियरने माप घेतलं, १.२ ने गुणलं आणि सांवेर रोडवरच्या एका लेथवाल्याकडे गेलो. त्याने पुली हातात फिरवून पाहिली, म्हणाला, "भिया, इतनी छोटी चीज के लिए मशीन लगाऊँ?" पण लावली.

आता तपासायचं कसं? मी दहा ओळींचा प्रोग्राम लिहून कागदावर १८० काळ्या रेघांचं चक्र छापलं. ५० हर्ट्झवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. त्याच्या उजेडात थाळी बरोबर गतीने फिरत असेल तर त्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. हॉलमधल्या एलईडी दिव्याखाली नुसता करडा पट्टा दिसला. चोकवाली ट्यूबलाइट घरात एकच उरली होती, स्वयंपाकघरात. म्हणून टर्नटेबल ओट्यावर, कुकरशेजारी. आणि रेघा हळूहळू मागे सरकत होत्या! पट्ट्याची जाडी मी हिशेबात धरलीच नव्हती, त्यामुळे गती एक टक्का कमी राहिली होती. लेथवाल्याकडे दुसरी फेरी झाली. त्याचं तोंड कसं झालं असेल ते ओळखा.

तर विचारणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हे की लाकूड आणि चकाकी बघू नका. यंत्राच्या मागची पट्टी वाचा. ५० हर्ट्झ लिहिलंय का? गॅरार्ड ३०१ सारख्या नावाजलेल्या इंग्रजी यंत्रालाही ५० आणि ६० साठी वेगळी पुली लागते. टेक्निक्सचा एसएल-१२०० (पहिला १९७२ चा) थेट मोटरवर फिरतो आणि गती इलेक्ट्रॉनिक्सने सांभाळतो, त्यामुळे तिथे हा घोळ नाही. फक्त त्याच्या किमती ऐकून बसायला खुर्ची घ्या.

दुसरं, आणि माझ्या मते यंत्रापेक्षा महत्त्वाचं, म्हणजे सुई आणि ती धरणारं कार्ट्रिज. जुन्या यंत्राबरोबर आलेल्या सुईवर विश्वास ठेवू नका. हिरा असला तरी ५०० ते १००० तासांत झिजतो, आणि झिजलेली सुई खाचेच्या भिंती खरवडते. यंत्र परत मिळेल, पण आजोबांची रेकॉर्ड नाही. मॅग्नेटिक कार्ट्रिज घ्या. त्यात बहुतेकदा सुईचा भाग बोटांनी काढून नवा बसवता येतो. त्याचं टोक दीड-दोन ग्रॅमवर टेकतं. आजोबांच्या सूटकेससारख्या प्लेअरमधलं सिरॅमिक पाच-सहा ग्रॅमने दाबायचं. पण म्हणून रेकॉर्डवर दया करून वजन सांगितल्यापेक्षा कमी करू नका. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, उडते, आणि पडताना जास्त इजा करते. छोटा डिजिटल काटा मिळतो, त्यावर मोजा. मॅग्नेटिक कार्ट्रिजचा आवाज व्होल्टच्या काही हजारांश इतकाच असतो, म्हणून अॅम्प्लिफायरला ‘फोनो’ लिहिलेली जागा लागते. नसेल तर वेगळा फोनो प्रीअॅम्प घ्यावा लागतो. हे न बघता रेकॉर्ड लावून "आवाजच येत नाही" म्हणणारे मला दोन भेटले.

दुसरी पुली बसली, नवी सुई बसली, काट्यावर पावणेदोन ग्रॅम. आजीला बोलावलं. मारवा लागला. तिने पेटीवर सा धरून ठेवला आणि मग हळूच सोडला. काही म्हणाली नाही, म्हणजे जमलं होतं.

बाजू संपत आली तसा आवाज फाटू लागला. मी दचकून वजन तपासायला उठलो. आजी म्हणाली, "बस. ते तसंच आहे. आजोबा रोज संध्याकाळी लावायचे, ते तिथवर आले की मी स्वयंपाकघरातून हाक मारायचे, पान वाढलंय म्हणून." शेवटच्या खाचा झिजल्यात, त्याला कुठलीच सुई उपाय नाही.

आता आजी मागे लागली आहे पेटीच्या तळाशी असलेल्या ७८ च्या तव्यांच्या. त्यांच्या खाचा इतक्या रुंद की एलपीची सुई तळाशी जाऊन नुसती खरखर ऐकवते. त्यांना जवळजवळ चौपट जाड टोकाची सुई लागते. माझं यंत्र ७८ फिरतही नाही. लेथवाल्याकडे तिसऱ्यांदा जायचा धीर अजून झालेला नाही.