अभिजात पाली आणि विद्यापीठांचा बृहत् आराखडा

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपल्याला आनंद झाला, तो रास्तच. पण केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतून पाली साहित्य हा वैकल्पिक विषय 2013 साली वगळला गेला, हे किती जणांच्या लक्षात आहे?

जपान, श्रीलंका, थायलंडमध्ये गेले की आपले राज्यकर्ते, पक्ष कोणताही असो, भारत ही बुद्धाची भूमी असल्याचे सांगतात. सैन्य न पाठवता संस्कृतीच्या बळावर मान मिळवायचा, याला सॉफ्ट पॉवर म्हणतात. अजिंठा-वेरूळच्या विकासासाठी जपानकडून दोन टप्प्यांत कर्ज घेतले गेले. रस्ते, विमानतळ, अभ्यागत केंद्रे झाली. पण त्याच जपानचा पाहुणा लेण्यात उभा राहिला, तर भिंतीवरची जातककथा त्याला पालीच्या आधारे सांगणारा सोयगाव तालुक्यातला तरुण कोणी घडवला?

आता कायद्याचे बोलू. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 च्या कलम 107 नुसार प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावा लागतो. कुठे कोणते महाविद्यालय, कोणता अभ्यासक्रम, ते त्यात ठरते. आराखड्यात जे नाही, त्याला कलम 109 खाली परवानगी मिळत नाही. संस्थाचालक तिथे मागतात काय? बी.एड., फार्मसी. आपलेही तेच मागतात, हे कबूल केले पाहिजे.

संस्कृतसाठी रामटेकला 1997 साली विद्यापीठ झाले. पाली मात्र विद्यापीठांच्या एकेका विभागात बसली आहे. बाबासाहेबांनी तयार केलेला पाली शब्दकोश आणि व्याकरण शासनानेच 1998 साली सोळाव्या खंडात छापले. छापले, पण शिकवायला माणसे नेमायची योजना कुठे आहे? शाळेतला पालीचा शिक्षक निवृत्त झाला आणि जागा भरली नाही, की तिथला विषय संपतो. मग महाविद्यालयाला विद्यार्थी मिळत नाहीत, आणि 'मागणी नाही' असा शेरा लिहायला अधिकारी मोकळे.

सध्याचा आराखडा 2029 पर्यंतचा आहे. पुढच्या आराखड्यात सोयगाव, खुलताबाद, जुन्नर, मावळ या लेण्यांच्या तालुक्यांत पाली आणि तिच्या जोडीला जपानी, थाई, सिंहली भाषांचे अभ्यासक्रम मागता येतील. आराखडा अधिसभेपुढे येतो. अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे 10 प्रतिनिधी निवडून जातात. आपल्या घरात पदवीधर किती, आणि त्यातल्या कितींनी ही नोंदणी केली आहे?